भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

"पण मग तुम्ही शिकवता तरी काय, सर?"

तांबोळी सर टेनिसच्या कोर्टावर पाणी मारत होते. त्यांनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला, धार फोडली आणि कोरड्या राहिलेल्या कोपऱ्याकडे वळवली. प्रश्न त्यांना ऐकू आला होता यात शंका नाही. त्यांचे कान भलतेच तिखट होते.

"सर, मी काय विचारतोय..."

"ऐकलं की. पाणी मुरू दे जरा."

विचारणारा ऋत्विज करमरकर. तिशीच्या आतला, पुण्याच्या अकादमीत तयार झालेला, स्पेनला जाऊन प्रशिक्षणाचा कोर्स करून आलेला. तांबोळी सर त्या मोसमाअखेर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी हा येणार, हे कॉलेजनं ठरवून टाकलं होतं. म्हणून काही महिने त्याला सरांच्या हाताखाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची फायनल होती, सरांची शेवटची. सोमवारपासून ही पोरं ऋत्विजची.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. टेनिस मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. कोर्टाच्या कडेला करंजाच्या सावलीत एक बाक होता. संध्याकाळी तिथं बसून चहा प्यायचा, एवढाच माझा या खेळाशी संबंध. त्या बाकावर बसल्यामुळे जे कानावर आलं आणि डोळ्यांनी पाहिलं, ते सांगतो आहे.

तांबोळी सरांचं नाव गुलाब. वडील पैलवान, कृष्णाकाठच्या एका तालमीचे वस्ताद. त्यामुळे टेनिस शिकवत असूनही आख्खं गाव सरांना वस्तादच म्हणायचं. ते कॉलेजात लागले तेव्हा तिथं एक पडीक कोर्ट होतं आणि त्यात बाभळी उगवल्या होत्या. सरांनी ते खणलं, तालमीची माती चाळतात तशी तांबडी माती चाळून घातली आणि पोरं गोळा केली. मग चषक यायला लागले. इतके आले की जिमखान्याचं कपाट भरलं, कपाटाच्या डोक्यावर रांग लागली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चषकात पोरं रेषा आखायचा चुना कालवत. सरांनीच तो काढून दिला होता. बादली फुटली होती म्हणून.

लांबलांबची माणसं हे कोर्ट बघायला येत. बघून गोंधळून जात.

कारण बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. पोरं यायची, पाणी मारायची, रोलर फिरवायची, रेषा झाडायची, खेळायची. खेळ संपला की ओलं गोणपाट दोरीनं ओढून सगळं कोर्ट पुन्हा साफ करायची. सर कधी एखाद्याचं मनगट धरून जरा वळवत, कधी एखादीला "गुडघा" एवढंच म्हणत. दिवसभराचं शिकवणं तेवढंच.

आणि मॅचच्या दिवशी सर आपली पत्र्याची खुर्ची कोर्टाच्या कडेला मांडायचे, पण तोंड भिंतीकडे करून. कोर्टाकडे पाठ. मॅच संपेपर्यंत ते वळायचे नाहीत.

कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे डोळ्यांचं दुखणं. ऋत्विजनं स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सोमवारी आल्याबरोबर पहिलं काम मी ती खुर्ची फिरवणार आहे." हे सरांच्या कानावर गेलं नसेल असं मला वाटत नाही.

पाणी मुरलं. सरांनी पाइप गुंडाळला आणि बाकावर माझ्याशेजारी येऊन टेकले.

"आता विचार," ते म्हणाले.

"तुम्ही इतकी वर्षं जिंकताय," ऋत्विज म्हणाला. तो उभाच होता. "मी सगळं बघितलं. तुमच्या मुलांची सर्व्हिस चांगली आहे, पण आमच्या अकादमीतल्या मुलांची जास्त चांगली आहे. पळतात बरे. तरी तुम्हीच जिंकता. यातलं काय पुढं चालू ठेवायचं, तेच मला कळत नाही."

"आणि काय बंद करायचं?"

ऋत्विज जरा चपापला. मग म्हणाला, "खरं सांगू?"

"सांग की."

"ते खुणा पुसणं."

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते समजायला बरेच दिवस लागले होते. मातीच्या कोर्टावर चेंडू पडला की खूण उमटते. खूण रेषेला शिवली तर चेंडू आत, नाही शिवली तर बाहेर. समोरच्यानं मारलेला चेंडू आपल्या बाजूला पडतो, म्हणून सरावात तो आत की बाहेर हे आपणच सांगायचं असतं. सरांच्या पोरांची एक रीत होती. चेंडूबद्दल मनात किंतु आला की चालत जायचं, खूण बघायची आणि तरीही किंतु राहिला तर ती खूण आपल्या बुटानं पुसून टाकायची. पुसली की बोलणं संपलं. गुण समोरच्याचा.

"यात गुण फुकट जातात, सर."

"व्हय. जातात."

"आणि तरी तुम्ही..."

"गेलेला गुण डोक्यात ऱ्हात न्हाई, लेका. लाटलेला ऱ्हातो. पुढचा चेंडू मारताना मधी येतो."

ऋत्विजनं खिशातून मोबाइल काढला. हे टिपून घ्यावं असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं तो परत ठेवला.

"म्हणजे ही युक्ती आहे. डोकं शांत ठेवायची."

करंजाचं एक वाळलेलं पान त्यांच्या मांडीवर पडलं होतं, ते उचलून त्यांनी बाजूला ठेवलं.

"हे तुम्ही त्यांना शिकवता कसं?"

"शिकवत न्हाई. जुनी करतात, नवी बघतात."

"पण पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं असेलच ना..."

"उद्या रेषेवर बस," सर म्हणाले. "विचारतोयस ते तिथनं बघ."

उद्याच्या मॅचला अंपायर बाहेरचे होते, पण दोन्ही टोकांच्या रेषा बघायला दोन्ही कॉलेजांनी एकेक माणूस द्यायचा होता. ऋत्विजचा चेहरा पडला. त्याला आमच्या संघातल्या केतकीच्या बाकावर बसायचं होतं, मधल्या विश्रांतीत तिला चार गोष्टी सांगायच्या होत्या. फायनल होती. सोमवारपासून जे त्याचं होणार होतं, ते चषकासकट त्याच्या हाती यावं असं वाटण्यात काही गैर नव्हतं.

"सर, मी बाकावर असलो तर..."

"रेषेवर," सर म्हणाले, आणि पाइप घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून पोरं कोर्टावर राबत होती. कोर्ट असं दिसत होतं की त्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. सरांनी पांढरी टोपी घातली, खुर्ची आणली, भिंतीकडे तोंड करून मांडली आणि बसले. मी माझ्या बाकावर. आमच्यात हातभराचं अंतर.

समोरच्या संघाची कोच नंदा देशमाने. तीही याच मातीत वाढलेली, सरांच्या अगदी सुरुवातीच्या पोरींपैकी. ती आली, सरांच्या पाया पडली, खुर्चीकडे बघून हसली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. तिनं आपलं तोंड कोर्टाकडेच ठेवलं होतं.

दोन्ही कॉलेजांनी एकेक मॅच जिंकली होती. राहिली केतकीची. ती जिंकली की चषक आमचा, हरली की त्यांचा.

केतकी मगदूम शेतकऱ्याची पोरगी. उंच, हडकुळी, बोलायला कमी. कोर्टावर जाताना ती सरांच्या खुर्चीमागे थांबली.

"येतो सर," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतात.

"ये," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

मॅच सुरू झाली आणि मला पहिल्यांदा कळलं की सर बघत नसले तरी त्यांच्या कानांतून काही सुटत नव्हतं. चेंडू रॅकेटवर बसला की त्यांचं बोट गुडघ्यावर हलायचं. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "टाच उचलंना झाली." मी पाहिलं तर केतकी खरंच दमली होती. एकदा कोर्टावर काही झालं नसताना त्यांनी मान हलवली. मग केतकीनं मारलेला चेंडू जाळ्यात गेला. आधी मान हलली, मग चेंडू गेला. हे मी शपथेवर सांगू शकतो, कसं झालं ते मात्र सांगू शकत नाही.

समोरची मुलगी मृदुला तिच्या तोडीची होती. सकाळचं ऊन चढलं. दोघींनी एकेक सेट घेतला होता आणि तिसरा संपत आला होता. लोक उभे राहून बघायला लागले. प्राचार्य आले, कॅन्टीनवाला आला, लायब्ररीतली पोरं खिडक्यांत आली.

"मास्तर," सर मला म्हणाले, "किती लोक आहेत?"

"सगळं कॉलेज आहे."

"हं..."

आणि मग केतकीला एकच गुण हवा होता. तो मिळाला की मॅच, चषक आणि वस्तादांची सगळी कारकीर्द एका शेवटच्या विजयावर संपणार होती. मला टेनिस कळत नाही, पण एवढं तेव्हा मलाही कळत होतं.

मृदुलानं जीव खाऊन चेंडू मारला. तो केतकीच्या मागे, अगदी शेवटच्या रेषेपाशी पडला. केतकीनं तो सोडून दिला.

त्या रेषेच्या टोकाला ऋत्विज बसला होता. त्याचा हात ताडकन वर गेला.

"आऊट."

अंपायरनी मॅच संपल्याचं जाहीर केलं. एवढा गलका झाला की करंजावरच्या साळुंक्या उडाल्या. प्राचार्य प्रत्येकाशी हात मिळवत सुटले. ऋत्विज खुर्चीवरून उठला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मीही टाळ्या वाजवत होतो.

सर हलले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले. "कोण चालतंय?"

मी पाहिलं. केतकी जाळ्याकडे येत नव्हती. हात मिळवायला मृदुला जाळ्याशी येऊन थांबली होती आणि केतकी उलट्या दिशेनं, मागच्या रेषेकडे चालत होती. ती खुणेपाशी गेली. वाकली. गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिली.

टाळ्या आपोआप कमी झाल्या. कुणी सांगितलं नाही. एकेक करून हात थांबले.

केतकी अजून बघतच होती...

मग ती सरळ उभी राहिली. तिनं एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि उजवा बूट पुढं करून ती खूण पुसली.

सगळं कॉलेज तिथं होतं आणि मातीवर बूट घासल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"पुसलं?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली. ते भिंतीकडे बघत होते, त्यांना माझी मान दिसणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

अंपायर उंच खुर्चीतून खाली वाकले. असा प्रसंग त्यांच्यावर आधी कधी आला नसावा. "तुम्ही जिंकला आहात," ते केतकीला म्हणाले. "रेषेवरच्या माणसानं बाहेर दिला आहे."

"गुण त्यांचा, सर," केतकी म्हणाली.

"तुमची खात्री आहे?"

"गुण त्यांचा."

पलीकडच्या बाकावर नंदा देशमाने उभी राहिली. तिच्या मागोमाग तिच्या संघातल्या सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. राष्ट्रगीताला राहतात तशा नुसत्या उभ्या राहिल्या आणि मॅच संपेपर्यंत कुणीही परत बसलं नाही. त्यांचं बघून आमचे लोक उभे राहिले. प्राचार्यसुद्धा.

मी आयुष्यात पुष्कळ समारंभांना उभा राहिलो आहे. पण पायांना आपोआप उभं राहावंसं वाटलं, असं तेव्हा एकदाच झालं.

खेळ पुढं चालू झाला. केतकी ढेपाळली नाही, उलट तिच्या हातात नवा जोर आला होता. मृदुलाही चांगली खेळली. एकेका गुणासाठी दोघी धावून धावून मातीनं लाल झाल्या. शेवटी मृदुला जिंकली. जाळ्याशी तिनं केतकीचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. जिंकलेली मुलगी ती, पण रडत तीच होती.

आमचा चषक गेला.

नंदा चषक घेऊन सरांकडे आली. सर आता खुर्चीवरून उठले होते, पण अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

"सर, हा..."

"घेऊन जा," सर म्हणाले. "फक्त त्यात चुना कालवू नको. बुडाशी गळतात हे."

ती हसली, डोळे पुसले आणि गेली.

लोक पांगले. एरवी हरल्यावर जी कुजबुज होते ती झाली नाही. जो तो हळू बोलत होता. प्राचार्य सरांसमोर येऊन उभे राहिले, सत्काराचं भाषण त्यांच्या खिशात होतं. ते त्यांनी काढलं नाही. सरांच्या खांद्याला हात लावला आणि निघून गेले.

ऋत्विज आला तेव्हा कोर्टाच्या कडेला सर, मी आणि ती खुर्ची एवढंच उरलं होतं. पोरी गोणपाट भिजवायला नळावर गेल्या होत्या.

"सर, मला बाहेरच दिसला," तो म्हणाला.

"दिसला असणार."

"मी मुद्दाम नाही दिला."

"कोण म्हणतंय?"

"आपल्या बाजूनं द्यावा असं मनातसुद्धा नव्हतं. मी नीट बघत होतो. डोळे तिथंच होते माझे. त्या रेषेवरून मी नजर हलवली नव्हती..."

"तू बघत होतास," सर म्हणाले. "ती बघायला गेली."

लांब कुठंतरी बादली खडखडली.

केतकी गोणपाटाची दोरी खांद्यावर घेऊन आली. ऋत्विजनं तिला थांबवलं.

"केतकी, एकच सांग. चेंडू आत होता ना?"

"माहीत न्हाई, सर."

"माहीत नाही म्हणजे?"

"खूण रेषेला टेकल्यागत पण वाटत हुती, आणि न्हाई पण वाटत हुती. लई बघितलं. ठरंना."

"मग अंपायरना बोलवायचं खाली. खूण दाखवायची. ते त्यांचं काम आहे."

"त्यांनी आपल्यालाच दिला असता की, सर. तुमी आधीच आऊट म्हणून बसला हुता."

ऋत्विजच्या तोंडावरचा रंग उडाला. मी त्याच्या जागी असतो तर मला जमिनीत गेल्यासारखं वाटलं असतं. पण पोरीच्या बोलण्यात टोचणी नव्हती. पाणी कुठल्या नळाला येतं ते सांगावं, तशी ती सांगत होती.

"म्हणजे तो कदाचित बाहेरच असेल," ऋत्विज म्हणाला. "म्हणजे मी बरोबर असेन. म्हणजे... केतकी, म्हणजे आपण जिंकलो असू."

"असू की," केतकी म्हणाली. तिनं दोरी सावरली. "जातो सर, माती वाळंल."

ती कोर्टावर गेली. दुसऱ्या टोकाला मृदुला उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं दोरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघी मिळून ओलं गोणपाट ओढायला लागल्या. पावलांच्या खुणा, चेंडूंच्या खुणा, सकाळभराचं सगळं त्याखाली जात होतं.

ऋत्विज धावतच मागच्या रेषेकडे गेला. वाकून बघायला लागला. तिथं बुटानं घासलेला एक पट्टा होता, तेवढाच. चेंडूची खूण त्यात कुठंच नव्हती. तो बराच वेळ वाकून राहिला. दोघी गोणपाट घेऊन तिथवर आल्या तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागलं.

परत आला तेव्हा तो वेगळ्या चालीनं येत होता.

"आता कधीच कळणार नाही," तो म्हणाला.

"न्हाई," सर म्हणाले.

"तुम्ही तिला एवढं... हे तुम्ही कसं घडवलंत, सर?"

तांबोळी सरांनी पहिल्यांदा कोर्टाकडे तोंड केलं. दोन पोरी दोरी ओढत होत्या, त्यांच्याकडे ते पाहत राहिले. कपाटभर चषक आणणारा तो माणूस एखाद्या नवख्या शागिर्दासारखा पाहत होता.

"माझ्याच्यानं झालं नसतं," ते म्हणाले.

"काय?"

"तिच्या जागी मी असतो तर बघायला गेलो नसतो. एवढी माणसं टाळ्या वाजवताना... न्हाई. जाळ्याकडं गेलो असतो, हात मिळवला असता." त्यांनी टोपी झटकली. "खरं सांगतो, लेका. आज मला भीती वाटली तिची."

ऋत्विज त्यांच्याकडे बघत राहिला. मीही. इतक्या वर्षांच्या शेजारात सरांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मग तिला शिकवलं कुणी?"

गोणपाट मातीवरून सरकल्याचा आवाज तेवढा येत होता.

"सर..." ऋत्विजनं खुर्चीकडे पाहिलं. "तुम्ही पाठ का करत होता?"

"आपल्या पोरांनी मारलेला मला नेहमी आतच दिसतो," सर म्हणाले. "समोरच्यांचा बाहेर."

"नेहमी?"

"नेहमी. अजून. पोरं मग माझ्या तोंडाकडं बघायची. माझं तोंड सांगंल तसा त्यांना चेंडू दिसायचा."

कोर्ट झालं. पोरींनी गोणपाट उचलून कुंपणावर वाळत टाकलं. सगळी माती एकसारखी, तांबडी, कुणी कधी पाऊलच ठेवलं नाही अशी दिसत होती. डोक्यावरचं ऊन तिच्यावर पडलं होतं. मला कारण सांगता येणार नाही, पण मी हात जोडले.

ऋत्विज खुर्चीपाशी गेला. त्यानं ती उचलली. ही खुर्ची फिरवणार म्हणून स्टाफरूममध्ये सांगणारा तोच हा मुलगा. त्यानं ती होती तशीच, भिंतीकडे तोंड करून, अगदी त्याच खळग्यांत पाय बसवून ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. देवघरात मूर्ती ठेवून सरावं तसा.

सरांनी मान हलवली. नाही म्हणून.

ऋत्विजनं ती उचलून कोर्टाकडे फिरवली.

सरांनी पुन्हा मान हलवली.

खुर्ची दोन्ही हातांत अधांतरी धरून तो तसाच उभा राहिला.

"मग सोमवारी कुठं ठेवू, सर?"

तांबोळी सरांनी टोपी डोक्यावर घातली, गोणपाटाची दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली, आणि जाता जाता म्हणाले,

"जिथनं तुला पक्कं दिसणार न्हाई, तिथं."